शिफारसपत्र नको, सभागृहात प्रश्न विचारा
(सोलापुरातील कार्यकर्ता मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'कला आणि आपला समाज'. विषय मोठा आहे आणि मी कलावंत नाही. तेहतीस वर्षं मी शाळेत भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवलं. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही. त्यामुळे कलेच्या थोरवीवर मी बोलणार नाही. मी कलावंताच्या अर्जावर बोलणार आहे. तो अर्ज कुठे अडतो आणि त्यासाठी आमदारांकडे गेल्यावर आपण नेमकं काय मागायला पाहिजे, एवढंच सांगणार आहे. कारण हे मागण्यात मी स्वतः चूक केली आणि त्या चुकीची किंमत माझ्या घरातल्या एका माणसाने मोजली.

माझे मामू तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे. दसऱ्याला घर सोडायचे ते जत्रांचा हंगाम संपल्यावर परत यायचे. फडमालकाकडून उचल घ्यायची, ती हंगामभर फेडायची, पुढच्या वर्षी पुन्हा उचल. हातात शिल्लक कधी राहिली नाही. आमच्या घरात त्यांच्या धंद्याबद्दल फारसं बोललं जात नसे. ईदला ते आले की अम्मी त्यांना पोटभर जेवू घालायची, पण शेजारी कोणी विचारलं तर 'भाई बाहेरगावी कामाला आहे' असं सांगायची. नातेवाइकांत ढोलकीवाला असणं आम्हाला अवघड वाटायचं, हे मी आज उघडपणे कबूल करतो.

पुढे फडमालक वारले, फड मोडला. मामू काही वर्षं लग्नाच्या बँडबरोबर गेले, मग हात थरथरायला लागले तसं तेही सुटलं. तेव्हा कोणीतरी सांगितलं की, वयस्कर कलावंतांना सरकार दरमहा मानधन देतं. मी शिकलेला भाचा, म्हणून कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं.

वयाचा दाखला मिळाला, रहिवासी दाखला मिळाला, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखलाही मिळाला. अडलं ते कलेच्या पुराव्यापाशी. कार्यक्रमाची हँडबिलं, वर्तमानपत्रातली कात्रणं, प्रमाणपत्रं जोडायची होती. आता तमाशाच्या हँडबिलावर फडमालकाचं नाव असतं, नाचणारीचं असतं, सोंगाड्या गाजलेला असेल तर त्याचं असतं. ढोलकीवाल्याचं नाव कोण छापणार? तीस वर्षं ज्या माणसाच्या हातावर अख्खा फड उभा होता, त्याच्या नावाचा एक चिटोराही आम्हाला सापडला नाही. मामू हसून म्हणाले, "कागज पे ढोलकी नै बजती बेटा."

मग मी जे केलं, ते इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी केलं असेल. मी ओळख काढली आणि मामूंना घेऊन एका लोकप्रतिनिधींकडे गेलो. माणूस चांगला होता. चहा दिला, मामूंची विचारपूस केली, लेटरहेडवर शिफारसपत्र दिलं. आमचा एकत्र फोटो निघाला आणि मी तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अभिनंदन केलं. काम झालं असं मला वाटलं.

काम झालं नव्हतं. शिफारसपत्र अर्जाला जोडलं गेलं. तशी पत्रं इतरही अर्जांना जोडलेली होती. पुराव्याची अट तशीच राहिली आणि अर्जही तसाच राहिला. मी चार-पाच वेळा जाऊन चौकशी केली. दर वेळी उत्तर एकच, विचाराधीन आहे. नाकारला असंही कोणी लेखी देईना. त्या वेळी जिल्हा पातळीवरच्या कलावंताला महिन्याला २,२५० रुपये मिळत. तुम्ही म्हणाल एवढ्याशा पैशाने काय होतं? मामूंची रक्तदाबाची, साखरेची औषधं त्यात बसली असती. त्यांना मुलाकडे हात पसरावा लागला नसता. शेवटी शेवटी ते गोळी एक दिवसाआड घ्यायचे आणि आम्हाला सांगायचे की रोज घेतो. हे आम्हाला नंतर, उरलेल्या गोळ्या मोजल्यावर कळलं. २०२२ च्या पावसाळ्यात मामू गेले. अर्ज तेव्हाही विचाराधीनच होता.

मी मघाशी चूक म्हणालो ती ही. ज्या माणसाचं काम सभागृहात प्रश्न विचारून नियम बदलून घ्यायचं आहे, त्याच्याकडे मी फक्त एक चिठ्ठी मागितली. तेहतीस वर्षं मी मुलांना तारांकित प्रश्न म्हणजे काय ते शिकवलं. परीक्षेत दोन मार्कांना विचारलं. पण स्वतःच्या मामूंसाठी आमदारांपुढे उभा राहिलो तेव्हा त्यातलं काहीच आठवलं नाही. मी गरजू म्हणून गेलो. मतदार म्हणून जायला पाहिजे होतं.

आता हा पैसा काय आहे ते समजून घेऊ. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची ही योजना १९५४-५५ पासून चालत आली आहे. तेव्हा महाराष्ट्र राज्यही झालेलं नव्हतं. त्याच सुमाराला, १९५४ पासून, राज्य नाट्य स्पर्धाही सुरू झाली. मराठी रंगभूमीवरचे किती नट आणि लेखक त्या स्पर्धेतून पुढे आले, हे तुम्हाला माहीत आहे. १९६० मध्ये साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. १९७५ मध्ये उर्दू साहित्य अकादमी आली. राज्याचं पहिलं सांस्कृतिक धोरण २०१० मध्ये आलं, नवं धोरण २०२४ मध्ये मंजूर झालं. म्हणजे कलेला सार्वजनिक पैसा द्यायचा की नाही, हा प्रश्न या राज्याने सत्तर वर्षांपूर्वीच सोडवला आहे. द्यायचा, असं ठरलेलं आहे. तो कोणापर्यंत पोचतो, एवढाच वाद उरला आहे.

२०२४ मध्ये मानधन योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. आधीच्या तीन श्रेणी काढून सगळ्यांना सरसकट महिन्याला ५,००० रुपये देण्याचा निर्णय झाला. चांगला निर्णय आहे, त्याचं स्वागत केलं पाहिजे. पण अर्जदाराने कलेच्या क्षेत्रातल्या आपल्या कामाचा पुरावा द्यायचा, ही गोष्ट तशीच आहे आणि दर वर्षी जिल्ह्यातून ठराविक संख्येनेच निवड होते. रक्कम वाढली म्हणून हँडबिलावर ढोलकीवाल्याचं नाव उमटत नाही.

हे पैसे कोणाच्या खिशातून येतात? सांस्कृतिक कार्य विभागाचा खर्च अर्थसंकल्पात असतो. विभागाच्या मागण्या विधानसभेपुढे येतात, त्यांवर चर्चा होते, मतदान होतं, मग खर्चाला मंजुरी मिळते. आपण साखर घेतो, साबण घेतो, मोबाइलचं रिचार्ज मारतो, त्या प्रत्येक वेळी कर भरतो. मामूही भरत होते. म्हणून हे मानधन ज़कात नाही, ख़ैरात नाही. ख़ैरात देणारा आपल्या मनाने देतो आणि घेणाऱ्याला त्यावर प्रश्न विचारता येत नाही. सार्वजनिक पैशाचं तसं नाही. तो का मिळाला नाही, हे विचारण्याचा अधिकार आहे आणि ते विचारण्यासाठी आपण माणसं निवडून दिली आहेत. आपल्या एकट्या सोलापूर जिल्ह्यातून विधानसभेवर अकरा जण जातात. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत, माळशिरसपासून शहर मध्यपर्यंत, अकरा.

त्याशिवाय विधान परिषद आहे. तिच्या ७८ जागांपैकी १२ जागा राज्यपालांनी नेमायच्या असतात आणि साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी त्या आहेत. ग. दि. माडगूळकर विधान परिषदेवर होते, ना. धों. महानोर होते. कलेचा आवाज कायदेमंडळात असावा, असं संविधान लिहिणाऱ्यांनाच वाटलं होतं. आपल्या पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन १९८६ मध्ये राज्यसभेवर नेमले गेले. तिथे त्यांनी भाषणं फारशी केली नाहीत, सभागृहाची रेखाटनं केली. त्यांच्यासारख्याला ते चालून गेलं. आपल्याला मात्र बोलणारे लोकप्रतिनिधी हवेत, आणि ते आपण बोलायला लावल्याशिवाय बोलणार नाहीत.

आता काही जण मनात म्हणत असतील की, मुस्लिम समाजापुढे शिक्षणाचे, रोजगाराचे, घरांचे, सुरक्षिततेचे एवढे प्रश्न असताना हे ढोलकीचं काय काढलं? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण मला सांगा, बँडवाला, कव्वाल, सनईवाला, ताशेवाला, हार्मोनियम दुरुस्त करणारा, पोस्टर रंगवणारा यांचा रोजगार हा रोजगाराचा प्रश्न नाही का? असंघटित कामगारांबद्दल आपण बोलतो तेव्हा हमाल, विडी कामगार, यंत्रमाग कामगार येतात. सोलापुरात ते आलेच पाहिजेत. पण सुपारी घेऊन रात्रभर वाजवणारा माणूस आपल्या यादीत येत नाही. त्याला ना बोनस, ना फंड, ना सुट्टी. कोरोनाच्या काळात जत्रा, लग्नं, उरूस सगळं बंद झालं, तेव्हा सगळ्यांत आधी याच्या घरची चूल विझली. २०२१ मध्ये रंगकर्मी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी सरकारने ५६ हजार कलाकारांना एकरकमी ५,००० रुपये देण्याचा निर्णय केला. दोन वर्षांच्या बंदीला ५,००० रुपये थोडेच होते. पण मागितल्यावर मिळाले, हे लक्षात ठेवा.

दुसरा आक्षेप धर्माचा आहे. गाणंबजावणं जायज़ नाही, मग त्यासाठी पैसे कसले मागता? ज्याला ते पटत नाही, त्याने गाऊ नये. पण जो माणूस पन्नास वर्षं त्यावर जगला आणि ज्याने राज्याला कर दिला, त्याचं म्हातारपणाचं औषध तुमच्या फतव्यावर अवलंबून ठेवता येणार नाही. आणि हा आक्षेप घेणाऱ्यांनी इतिहासही पाहावा. पेशवाईच्या काळात सोलापूरच्या राम जोशींनी लावणी गाजवली, त्याच परंपरेत सगनभाऊ मुसलमान होते, शिकलगार समाजातले. शेख महंमद, शहामुनी यांनी मराठीत संतकाव्य लिहिलं. आपल्या बार्शीत १९१६ मध्ये मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला. आईकडून, मुनेरबींकडून, त्याला ओव्या आणि गाणी मिळाली. पुढे सगळ्या महाराष्ट्राने त्याला शाहीर अमर शेख म्हणून ओळखलं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ त्यांच्या आवाजाशिवाय आठवता येत नाही. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. १९९० मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं तेही याच सोलापुरात. प्राध्यापक फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उभं केलं. मराठी आमची आहे, हे सांगायला त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही. ही नावं आपण जयंतीला, पुण्यतिथीला घेतो. पण त्यांच्या मागे कोरसला उभे राहणारे, डफ-तुणतुणं वाजवणारे म्हातारपणी कुठे गेले, हे आपण विचारलं का?

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सरकारचा पैसा घेतला की सरकारचं गाणं म्हणावं लागेल. ही भीती खरी आहे. अमर शेखांनी सत्तेच्या विरोधात गाणी म्हटली. अनुदानावर जगले असते तर म्हणू शकले असते का? यावर माझं उत्तर असं आहे. पैसा कोणाच्या मर्जीने मिळत असेल तर तोंड बंद राहतं, आणि नियमाने मिळत असेल तर राहत नाही. मास्तर म्हणून मला सरकारी पगार होता आणि मी सरकारवर टीका करत होतो, कारण पगार कोणा नेत्याच्या कृपेने येत नव्हता. इंग्लंडमध्ये १९४६ मध्ये आर्ट्स कौन्सिल झाली, ती याच विचाराने की, पैसा सरकारने द्यावा पण कोणाला द्यायचा हे मंत्र्याने ठरवू नये. म्हणून आपली मागणी 'आमच्या माणसाला द्या' अशी असू नये. नियम स्पष्ट करा, यादी जाहीर करा, कारण लेखी द्या, अशी असावी.

शिफारसपत्राचं दुखणंही हेच आहे. शिफारसपत्राने एका माणसाला रांगेत पुढे ढकललं जातं, म्हणजे दुसरा मागे जातो. मामूंचं काम त्या चिठ्ठीने झालं असतं, तर मोडनिंबच्या एखाद्या लावणी गाणाऱ्या म्हातारीचं राहिलं असतं. तिलाही पुरावा नाही. तिच्या नावाने हँडबिल छापलं असेल, पण पालावरच्या, राहुटीतल्या आयुष्यात ते जपून कोणी ठेवलं असेल? गोंधळी, वासुदेव, डोंबारी, पोतराज, सगळ्यांची तीच गत. हा प्रश्न मुस्लिम कलावंतांचा वेगळा नाही. तो वेगळा करून मांडला तर आपण एकटे पडू आणि ते बरोबरही होणार नाही. आपल्या संघटनेने तो सगळ्यांच्या वतीने मांडावा.

जिल्ह्यात अकलूजची लावणी स्पर्धा गाजली, एका राजकीय घराण्याच्या पुढाकाराने ती उभी राहिली. लावणी कलावंतांना तिथे मान मिळाला, हे चांगलंच झालं. पण घराण्याच्या पुढाकाराला उद्या मन बदलण्याची मुभा असते. राज्याच्या नियमाला ती नसते. निदान, बदल करायचा तर सभागृहात सांगावं लागतं.

सभागृहातही सगळं सुरक्षित असतं असं नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात जून २०२४ मध्ये, विधिमंडळाने मंजूर केलेलं कलासंस्थांचं सुमारे ३ कोटी २० लाख डॉलरचं अनुदान गव्हर्नरने एका सहीने रद्द केलं. लहान गावांतली नाटकघरं, संग्रहालयं, वाद्यवृंद एका रात्रीत अडचणीत आले. अशा वेळी तिथले लोक आपल्या भागाच्या आमदाराला पत्र लिहितात, फोन करतात. नाटक पाहायला येणारा साधा प्रेक्षकही लिहितो. आमदाराला पत्र लिहिणं ही तिथे भाजी आणण्याइतकी साधी गोष्ट आहे. आपल्याकडे आमदाराकडे जायचं म्हणजे शाल, हार, फोटो आणि लग्नाची पत्रिका.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. मामू गेल्यावर आम्ही चार-पाच जणांनी ते करून पाहिलं. आमच्यात एक बँडमास्तर होते, एक गोंधळी होते, एक निवृत्त नर्सबाई होत्या ज्यांच्या आई कधीकाळी गात, आणि मी.

पहिलं, यादी करा. आपल्या मोहल्ल्यात, गावात पन्नास वर्षांवरचे कलावंत कोण आहेत? प्रत्येकाचं नाव, कला, किती वर्षं केली, अर्ज केला का, केला तर कधी, उत्तर काय मिळालं. आम्ही आमच्या ओळखीतल्यांची यादी केली तेव्हा निम्म्याहून जास्त जणांकडे छापील पुरावा नव्हता. यादी होईपर्यंत आम्हाला वाटत होतं की, नशीब फक्त मामूंचंच खोटं.

दुसरं, माहितीचा अधिकार वापरा. आपल्या तालुक्यातून किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती प्रलंबित आहेत, कोणत्या त्रुटीमुळे, एवढंच विचारा. भाषण लिहू नका.

तिसरं, पत्र. एका पानाचं. वर तुमचं नाव, पत्ता आणि मी आपल्या मतदारसंघातला मतदार आहे, हे वाक्य. मग एका माणसाची हकिकत, चार ओळींत. मग यादीतला एक आकडा. मग एकच मागणी. दहा मागण्या लिहिल्या की एकही वाचली जात नाही. आमची मागणी अशी होती: ज्या कलावंताकडे छापील पुरावा नाही, त्याच्यासाठी ग्रामसभेचा ठराव किंवा त्याच फडातल्या, त्याच बँडमधल्या मानधन घेणाऱ्या दोन कलावंतांचं प्रतिज्ञापत्र पुरावा म्हणून धरावं. आणि शेवटी, आपण हा प्रश्न येत्या अधिवेशनात मांडाल का, ते लेखी कळवावं. 'सहकार्य करावे ही विनंती' असं लिहून थांबू नका. होय की नाही, असं उत्तर देता येईल असा प्रश्न विचारा.

चौथं, वेळ. अर्थसंकल्पी अधिवेशन मुंबईत उन्हाळ्याच्या तोंडावर, पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात डिसेंबरमध्ये. अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर उशीर झाला. प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते. महिना-दीड महिना आधी पत्र पोचलं पाहिजे. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं. लक्षवेधी आहे, विभागाच्या मागण्यांवरची चर्चा आहे, लाक्षणिक कपात सुचवून विषय काढण्याची कपात सूचना आहे. आमदारांना हे सगळं माहीत असतं. आपल्यालाही माहीत आहे, हे त्यांना कळू द्या.

पाचवं, सत्ताधारी आणि विरोधी, दोघांकडेही जा. पन्नास जणांनी एकदा जाण्यापेक्षा पाच जणांनी तीनदा जावं. हार नेऊ नका. पत्राची पोच घ्या. आणि काम झालं तर आभाराचं पत्र पाठवा. तेही आपण विसरतो.

आमचं काय झालं ते खरं सांगतो. आम्ही चार आमदारांना पत्रं दिली. एकाच्या कार्यालयात पत्रच सापडेना, दुसऱ्यांदा दिलं. एकाने सांगितलं, अर्जदारांची नावं द्या, करून देतो. आम्ही म्हणालो, नावांचं नको, नियमाचं बोला. त्यांना ते आवडलं नाही. तिसऱ्यांनी शांतपणे ऐकलं, प्रश्नाचा मसुदा आमच्याकडून लिहून मागितला आणि तोपर्यंत संबंधित कार्यालयाला पत्र लिहून प्रलंबित अर्जांच्या त्रुटी लेखी विचारल्या. चौथ्यांचं उत्तर अजून यायचं आहे. त्या एका पत्राचा परिणाम असा झाला की, आमच्या यादीतल्या काही जणांना पहिल्यांदाच लेखी कळलं, तुमच्या अर्जात हे हे कमी आहे. नर्सबाईंच्या आईंच्या अर्जात एक दाखला जुना झाला होता, एवढंच होतं. तो नवा काढून दिला. त्यांचं मानधन सुरू झालं. पहिला हप्ता जमा झाला त्या दिवशी त्यांनी बँकेतून थेट औषधाचं दुकान गाठलं.

पुराव्याचा नियम अजून बदललेला नाही. एवढ्याशा पत्रव्यवहाराने तो बदलेल, असं मी सांगणार नाही. पण चार जणांच्या पत्रांनी कार्यालयाला कारण लेखी द्यायला लावलं. अकराही मतदारसंघांतून, प्रत्येकी पन्नास पत्रं गेली तर काय होईल, याचा अंदाज करा.

आपल्या शहरातलं हुतात्मा स्मृती मंदिर तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांच्या स्मरणाचं ते नाट्यगृह. महापालिकेचं, म्हणजे आपलं. हुतात्म्यांचं स्मारक म्हणून या शहराने नाट्यगृह उभं केलं, ही मला नेहमी अभिमानाची गोष्ट वाटते. तिथे नाटक पाहायला जाल तेव्हा पडद्याकडे पाहण्याआधी खाली, बाजूला बसलेल्या वाजवणाऱ्याकडे एकदा पाहा. त्याचं नाव विचारा. लिहून ठेवा. पंधरा-वीस वर्षांनी त्याला पुरावा लागेल, तेव्हा तुमची वही उपयोगी पडेल.

बाहेर टेबलावर कोरे कागद आणि पेनं ठेवली आहेत. जिल्ह्यातल्या अकराही मतदारसंघांची नावं भिंतीवर लावली आहेत. मी नमुन्याचं पत्र मुद्दाम वाटलेलं नाही, कारण छापील, एकसारखी पत्रं गठ्ठ्याने बाजूला पडतात. ज्याला ज्या कलावंताचं आयुष्य माहीत आहे, त्याने त्याची हकिकत आपल्या अक्षरात लिहावी. मराठीत लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, आम्ही लिहून घेऊ, सही किंवा अंगठा तुमचा. जेवणाआधी प्रत्येकी एक पत्र झालं पाहिजे.

मी माझं पत्र आजच लिहिणार आहे. त्यात मामूंची हकिकत असेल. त्यांना आता मानधन नको आहे. पण नियम बदलायला त्यांचा अर्ज अजून उपयोगी आहे.